माझा आवाज, तेलाची बाटली आणि कायदा

कातरवेळ
सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर मीठ कमी-जास्त सांगण्यापलीकडे फारसं लिहीत नाही. आज जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी आवाजाचं काम करते. रेडिओ-टीव्हीवरची नाही, पुस्तकं वाचते. २०१८पासून एका ऑडिओबुकवाल्या कंपनीसाठी मराठी कथा-कादंबऱ्या घरीच ध्वनिमुद्रित करते, कपाटाच्या आत गोधड्या टांगून. तयार झालेल्या तासामागे ठरलेले पैसे. एकवीस पुस्तकं झाली. शिवाय यूट्यूबवर स्वतःची छोटी वाहिनी आहे, तिथे पोरांसाठी गोष्टी वाचते.

गेल्या बुधवारी सांगलीहून नणंदेचा फोन. "वहिनी, गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात केलीत आणि सांगितलंत पण नाही!"

म्हटलं, कसलं तेल? तिने लिंक पाठवली. चाळीस सेकंदांची जाहिरात. आवाज माझा. वाक्य संपवताना मी जो किंचित श्वास सोडते, तोसुद्धा माझा. पण "तेल चोळा" मधला च चंद्रातला होता! "चालताना" मधलाही चंद्रातलाच. मी चमच्यातला च म्हणते हो, जन्म गेला त्यात. तेव्हा खात्री पटली की हे मी कधी बोललेलेच नाही. माझा आवाज घेऊन यंत्राने बोलून दाखवलंय.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, रेकॉर्डिंगचे सगळे हक्क करारानुसार आमच्याकडे आहेत. आम्ही कुणाला काय दिलं ते सांगायला आम्ही बांधील नाही." करार काढून बघितला. त्यात आहे: "सर्व ज्ञात व भविष्यात निर्माण होणाऱ्या माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी." खाली माझी सही, लफ्फेदार.

कायदेवाले कुणी असतील तर सांगा, माझ्या आवाजावर माझा हक्क आहे की नाही?

गुळपोळी
सोमवार, रात्री ११:०५

बाप रे. वाचतेय.

पाटावरवंटा
सोमवार, रात्री ११:२०

आता तर नियमच आलाय ना? तीन तासांत काढावं लागतं म्हणे. करा तक्रार, उद्या सकाळी गायब. उगाच घाबरू नका.

जर्सीसिटीकर
सोमवार, रात्री ११:४१

ताई, वाईट वाटलं वाचून. पण आशा भोसल्यांनी मुंबई उच्च न्यायालयातून आदेश मिळवला ना सप्टेंबर २०२५ मध्ये? वयाच्या ९२व्या वर्षी. त्यांच्या आवाजाची नक्कल बनवून देणाऱ्या एआय कंपन्यांविरुद्धच होता. त्याआधी जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगचा. तुम्हीही त्याच रस्त्याने जा.

इकडे अमेरिकेत टेनेसी राज्याने मार्च २०२४ मध्ये एल्व्हिस कायदा केला. गायकांच्या आवाजाला संरक्षण, आणि नुसता आवाज वापरणाराच नाही, तर तो बनवायचं साधन पुरवणाराही अडकू शकतो. नॅशव्हिलची गाण्याची पेठ म्हटल्यावर तिथलं राज्य सगळ्यात आधी जागं होणारच म्हणा.

काळाकोट
मंगळवार, सकाळी ७:१०

पाटावरवंटा, अर्धवट माहिती. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली, ती २० तारखेपासून लागू आहे. त्यातले ३ तास (आधी ३६ होते) न्यायालयाचा आदेश किंवा अधिकृत सरकारी सूचना पोचल्यापासून मोजायचे. तुम्ही-आम्ही बटण दाबल्यापासून नव्हे. वापरकर्त्याच्या तक्रारीला वेगळं घड्याळ आहे. साधारण तक्रारीला आता ७ दिवस. नग्नता किंवा तोतयेगिरी असेल तर २४ तासांचे २ तास केलेत. ताईंनी तक्रार "तोतयेगिरी" या सदराखालीच टाकावी. "कॉपीराइट" निवडलंत तर पहिला प्रश्न येईल, रेकॉर्डिंगचे मालक तुम्ही आहात का? आणि तिथेच तुम्ही अडकाल.

याच दुरुस्तीत कृत्रिम आशयावर ठळक लेबल सक्तीचं झालं. ऑक्टोबर २०२५च्या मसुद्यात चित्राचा १० टक्के भाग लेबलाने व्यापावा असं होतं, ते अंतिम नियमात गळलं. आवाजाच्या बाबतीत सुरुवातीलाच ऐकू येईल अशी सूचना हवी. तुमच्या जाहिरातीत होती का?

आता मूळ प्रश्न. कोर्टात जायच्या आधी एक भ्रम दूर करते. आशाताई, अरिजित, अनिल कपूर, जॅकी श्रॉफ, हे सगळे आदेश "व्यक्तिमत्त्व हक्क" नावाच्या छत्रीखाली मिळालेत, आणि ही छत्री कुठल्याही एका कायद्यात लिहिलेली नाही. न्यायालयांनी ती तीन-चार कापडं जोडून शिवली आहे. थोडा खासगीपणाचा हक्क (१९९४चा राजगोपाल निकाल, मग २०१७चा पुट्टस्वामी), थोडी ट्रेडमार्कमधली 'पासिंग ऑफ'ची (दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याची) कल्पना, थोडा कॉपीराइट कायद्यातला कलाकाराचा हक्क. पासिंग ऑफसाठी बाजारात नाव असावं लागतं. आशाताईंना ते सिद्ध करायला दोन ओळी पुरल्या. तुम्हाला?

बहुरूपी
मंगळवार, सकाळी ९:३३

मी वीस वर्षं गणेशोत्सवात नकला करतो. पुढाऱ्यांच्या, नटांच्या, क्रिकेट समालोचकांच्या. ताईंबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, पण हे "आवाज माझ्या बापाचा" प्रकरण आमच्या पोटावर येणार याची भीती वाटते. अनिल कपूरच्या २०२३च्या आदेशात "झकास" आलं. जॅकीच्या दाव्यात "भिडू" आलं. अहो, हे शब्द गिरगाव-परळच्या चाळींतले, नटांच्या आधीपासून बोलले जातात! उद्या गणपतीत मी स्टेजवरून "काय भिडू" म्हटलं की नोटीस?

काळाकोट
मंगळवार, सकाळी १०:०२

बहुरूपी, रास्त शंका आहे, म्हणून जॅकीचा आदेश नीट बघा. मे २०२४, दिल्ली उच्च न्यायालय. वस्तू विकणाऱ्यांना आणि एआय बॉटवाल्याला लगेच रोखलं. पण एका यूट्यूबरने त्यांच्या मुलाखतीचे तुकडे जोडून गमतीदार व्हिडिओ केला होता, तो दुसरी बाजू न ऐकता बंद करायला न्यायालयाने नकार दिला, कारण ती अभिव्यक्ती आहे. "भिडू" नावाच्या शोर्मावाल्यावरही लगेच बंदी नाही, नुसती नोटीस. म्हणजे न्यायाधीशांना फरक कळतो. गल्ल्यावर बसलेला वेगळा आणि स्टेजवरचा वेगळा.

जर्सीसिटीकर
मंगळवार, सकाळी १०:१५

फरक कळतो खरा, पण माणसाने केलेली नक्कलसुद्धा अडकू शकते हां. इथला १९८८चा खटला प्रसिद्ध आहे. फोर्ड मोटारीच्या जाहिरातीसाठी गायिका बेट मिडलरने गायला नकार दिला, तर त्यांनी तिच्याच जुन्या साथीदार गायिकेला "हुबेहूब तिच्यासारखं गा" सांगितलं. अपील न्यायालयाने निकाल मिडलरच्या बाजूने दिला. त्यात एआय नव्हतं, साधा गळा होता. मुद्दा जाहिरातीचा.

बहुरूपी
मंगळवार, सकाळी १०:४०

मग मी पानमसाल्याच्या जाहिराती सोडून देतो. (तशाही दोनच आल्या होत्या.)

इझारकाठ
मंगळवार, दुपारी १:५०

म्युनिकहून लिहितोय. इथे डबिंगची परंपरा मोठी, प्रत्येक हॉलिवूड नटाचा जर्मन आवाज ठरलेला असतो आणि लोक तो नावानिशी ओळखतात. ब्रूस विलिसचा जर्मन आवाज असलेल्या कलाकाराने एका यूट्यूबरला कोर्टात खेचलं. त्याने दोन व्हिडिओंत एआयने बनवलेला तोच आवाज वापरला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने ४,००० युरो द्यायला लावले. हिशेब सरळ: परवानगी मागितली असती तर जेवढं मानधन द्यावं लागलं असतं, तेवढं द्या. यासाठी नवा एआय कायदा लागला नाही. जुन्या व्यक्तिमत्त्व हक्कातूनच काम झालं.

युरोपियन युनियनचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४पासून अमलात आहे आणि टप्प्याटप्प्याने लागू होतोय. दंडाचे आकडे डोळे फिरवणारे, प्रतिबंधित वापरासाठी साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. पण तो मुख्यतः यंत्र बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवरचा कायदा. डीपफेकवर तो "हे बनावट आहे असं सांगा" एवढंच म्हणतो. "आवाज ज्याचा त्याला विचारा" असं म्हणत नाही. ते म्हणायला निघालाय डेन्मार्क. तिथल्या सरकारने जून २०२५ मध्ये कॉपीराइट कायदाच बदलून प्रत्येकाला, नटालाही आणि दूधवाल्यालाही, स्वतःच्या चेहऱ्यावर-आवाजावर हक्क द्यायचा प्रस्ताव मांडला. विडंबनाला सूट ठेवून. बहुरूपींनी तिकडे जायला हरकत नाही.

पाटावरवंटा
मंगळवार, दुपारी २:२०

परदेशी कौतुकं पुरे. आणि एक कडू बोलू का? ताईंनी सही केली, पैसे घेतले. "भविष्यात निर्माण होणाऱ्या माध्यमांत" असं स्वच्छ लिहिलेलं. विकलेल्या शेतात विहीर लागली म्हणून जुना मालक दावा सांगतो का?

कातरवेळ
मंगळवार, दुपारी ३:०८

पाटावरवंटा, शेत विकलं असतं तर गप्प बसले असते. मी पीक विकलंय. एकवीस पिकं. जमीन अजून माझ्या गळ्यात आहे.

काळाकोटताई, जाहिरातीत सूचना कसलीच नाही. तोतयेगिरीची तक्रार आत्ताच टाकली.

काळाकोट
मंगळवार, रात्री ९:१५

शाब्बास. ही शेताची उपमा मी चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आता नीट बसून लिहिते. ताईंच्या प्रकरणात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत नको. यंत्राच्या आत काय गेलं आणि यंत्रातून बाहेर काय आलं.

आत गेलं तुमचं ध्वनिमुद्रण. तिथे आपला कॉपीराइट कायदा वाटतो तितका म्हातारा नाही. २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८अ आलं, कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणाच्या प्रती काढण्यावर हक्क मिळाला, अगदी इलेक्ट्रॉनिक साठवणुकीवरसुद्धा. पुस्तक वाचणं हे सादरीकरण आहे, असं खुशाल म्हणता येईल. तो हक्क तुम्ही करारात दिलात असं कंपनी म्हणणार. पण त्याच दुरुस्तीने कलम १८ला एक शेपूट लावलं: करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची जी रीत अस्तित्वातच नव्हती किंवा व्यापारात नव्हती, तिला हस्तांतरण लागू होत नाही, तिचा खास उल्लेख असल्याखेरीज. आणि कलम ३९अ हे शेपूट कलाकारांच्या हक्कांनाही जोडतं. म्हणजे "भविष्यात येणारी सगळी माध्यमं" असा गोणपाट अंथरून चालत नाही, नाव घेऊन सांगावं लागतं. ही दुरुस्ती झाली ती चित्रपटांच्या गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या भांडणातून. तेव्हा कुणाच्या स्वप्नातही गुडघ्याचं तेल नव्हतं.

दुसरी बाजूही सांगते, उगाच आशा लावणार नाही. कंपनी म्हणेल, २०१८ साली यंत्राने मजकूर वाचून दाखवणं बाजारात होतंच की. त्यावर आपण म्हणायचं, यंत्राने वाचणं होतं, पण *माझ्या* आवाजात वाचणं नव्हतं. वाद आहे, पण लढण्याजोगा आहे.

बाहेर आला तो तुमच्यासारखा आवाज. इथे कॉपीराइट हात वर करतो. ध्वनिमुद्रणाची प्रत काढणं हा भंग, पण ध्वनिमुद्रणासारखा वाटणारा नवा आवाज हा भंग नाही. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन आवाज-कलाकारांच्या खटल्यात असंच झालं. एआय आवाजांतून उमटलेल्या नकलेबद्दलचा कॉपीराइटचा दावा बराचसा उडाला, राज्याच्या कायद्याखालचे हक्क तरले.

आणि आता तुमच्या नशिबाची वाटावी अशी गोष्ट. एप्रिल २०२४, बीजिंगचं इंटरनेट न्यायालय. एक आवाज-कलाकार. कंपनीसाठी पुस्तकं वाचलेली. रेकॉर्डिंगचा कॉपीराइट कंपनीचा. कंपनीने ते दुसऱ्या कंपनीला दिलं, त्यातून आवाज बनला, तो आवाज अॅपवर विकला गेला. तुमचीच कुंडली. न्यायालय म्हणालं, ध्वनिमुद्रणाची मालकी म्हणजे आवाजाची मालकी नव्हे. आवाज यंत्रात घालायची परवानगी द्यायचा हक्क कंपनीकडे नव्हताच, तर तो ती पुढे देणार कशी? अडीच लाख युआन भरपाई. त्यांच्या नागरी संहितेत, २०२१पासून, आवाजाला छबीसारखंच संरक्षण आहे, कलम १०२३. प्रसिद्धीची अट नाही. कसोटी एकच: ऐकणाऱ्याला तो आवाज कुणाचा ते ओळखू येतं का?

आपल्याकडे हे कलम नाही. चीनच्या निकालाचा दाखला मुंबईत बंधनकारकही नाही. पण युक्तिवाद उसना घ्यायला जकात लागत नाही.

इझारकाठ
मंगळवार, रात्री ९:४०

+१. आणि आपला नवा डेटा संरक्षण कायदा? आवाज हा वैयक्तिक डेटाच ना? तिथे तर संमतीशिवाय काही करता येत नाही म्हणतात.

काळाकोट
मंगळवार, रात्री १०:०५

२०२३चा कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत. म्हणजे मे २०२७. आणि दोन मोठी भोकं. एक, जो डेटा तुम्ही स्वतःहून जगजाहीर केला त्याला हा कायदा लागूच नाही. ताईंची यूट्यूब वाहिनी! कंपनी उद्या म्हणेल, आम्ही पुस्तकांतून नाही, वाहिनीवरून आवाज घेतला. दुसरं, दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा आवाज गेला त्याला दमडी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचं कलम ४३अ आहे, पण नव्या कायद्यामुळे मे २०२७ मध्ये तेही जाणार.

कानसेन
बुधवार, सकाळी ६:२५

मी इथे कधीतरीच लिहितो. जन्मापासून दृष्टी नाही, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला. त्याचा मराठी आवाज "पाटावरवंटा" हे नाव असं काही वाचतो की सकाळी सकाळी करमणूक झाली.

मला यंत्राचा आवाज शत्रू वाटत नाही. त्याच्यावरच माझी नोकरी चालते. वर्षानुवर्षं हिंदी वळणाच्या आवाजात मराठी ऐकलं, ळ चा ल होऊन. चांगला मराठी आवाज यंत्रात यावा यासाठी मी स्वतः भाषिणी या सरकारी भाषा-तंत्रज्ञानाच्या उपक्रमात वाक्यं बोलून दिली आहेत. पण ती विचारून घेतली होती.

मला सांगायचंय ते वेगळंच. ती तेलाची जाहिरात मलाही आली होती, दहा दिवसांपूर्वी. पहिल्या वाक्यालाच वाटलं, या तर त्या कोकणातल्या कादंबरीच्या बाई. मी ताईंची सात-आठ पुस्तकं ऐकली आहेत. तेव्हा नाव आठवलं नाही, आवाज आठवला. आज धागा वाचून उलगडा झाला. बायकोला त्याच दिवशी बोललोही होतो, "या बाई आता तेल विकायला लागल्या, वाईट वाटलं."

काळाकोट
बुधवार, सकाळी ७:०२

कानसेन, तुम्ही हे प्रतिज्ञापत्रावर द्याल का? मी थट्टा करत नाहीये. "ऐकणाऱ्याला आवाज ओळखू येतो का" या प्रश्नाचं उत्तर आत्ताच एका अनोळखी श्रोत्याने, कुणी न विचारता, दिलं. आणि "वाईट वाटलं" हे दोन शब्द नावाला धक्का बसल्याचा पुरावा आहेत. काल मी विचारलं होतं ना, बाजारात नाव आहे हे तुम्ही कसं सिद्ध करणार? असं.

कानसेन
बुधवार, सकाळी ७:१५

देतो की. अंगठ्याचा ठसा नाही, सही येते मला.

कातरवेळ
बुधवार, सकाळी ८:४४

काय लिहू. कानसेन, गोधड्यांच्या कपाटात बसून वाचताना पलीकडे कुणी आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

काळाकोट
बुधवार, सकाळी ११:३०

भावना बाजूला ठेवून कामं, ताई. जाहिरात उतरवली जायच्या आत व्हिडिओ, लिंक, तारीख-वेळ जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमध्ये नंतर फेरफार झाला नाही हे दाखवणारी अक्षर-आकड्यांची खूण) घालावं लागतं. कुणाकडून तरी आजच काढून घ्या. सायबर पोर्टलवर तक्रार, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड. आणि तेलाच्या दाव्यांबद्दल जाहिरात मानक परिषदेकडेही तक्रार टाका. चोरलेल्या आवाजापेक्षा "सात दिवसांत गुडघे नवे" या दाव्यावर यंत्रणा लवकर हलते, हा माझा अनुभव. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण आहे.

जर्सीसिटीकर
बुधवार, संध्याकाळी ६:५०

अवांतर, पण पुढच्या करारासाठी. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२५पासून नियम आहे. करारात डिजिटल प्रतिकृतीचा वापर नेमका कशासाठी ते स्पष्ट नसेल, आणि कलाकाराच्या बाजूने वकील किंवा संघटना नसेल, तर तेवढं कलम अमलात आणता येत नाही. २०२३ साली हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर बसले, त्यातून वातावरण तापलं. आपल्याकडे आवाजवाल्यांची संघटना मुंबईत हिंदी डबिंगपुरती तरी दिसते, मराठी पुस्तकं वाचणाऱ्यांचं कोण?

काळाकोट
बुधवार, रात्री ८:२०

कुणी नाही. आणि दिल्लीत वारं कुठे वाहतंय ते बघा. डिसेंबर २०२५ मध्ये उद्योग खात्याच्या समितीने एआय प्रशिक्षणासाठी सक्तीच्या परवान्याचा प्रस्ताव मांडला. कंपन्यांनी कायदेशीर मिळालेलं काहीही वापरावं, निर्मात्याला "नको" म्हणता येणार नाही, बदल्यात उत्पन्नातून मोबदला. लेखकांच्या दृष्टीने त्यावर दोन मतं असतील. पण आवाजाचं काय? पैसे हक्कदाराला, आणि कागदावर हक्कदार कोण, तर तीच कंपनी.

पाटावरवंटा
बुधवार, रात्री ९:००

विहिरीचं मागे घेतो. करार मी पण आयुष्यात एकदाही पूर्ण वाचला नाही, फ्लॅटचासुद्धा.

कातरवेळ
शनिवार, दुपारी १२:१०

अपडेट. जाहिरात तक्रारीनंतर दुसऱ्या दिवशी उतरली. दोन तास नाही, पण उतरली. तोवर पुरावा जपला होता. कंपनीला काळाकोटताईंच्या हातची नोटीस गेली आहे, कलम १८चं शेपूट लावून.

गंमत म्हणजे काल कंपनीच्या दुसऱ्या विभागाकडून नव्या पुस्तकाचा करार आला, त्यांना नोटिशीचा पत्ताच नसावा. चौदावं कलम नवीन आहे: "ध्वनी-प्रारूप तयार करणे व त्याचा व्यावसायिक वापर." म्हणजे नाव घेऊन सांगायला शिकले. मी त्यावर पेनने काट मारून, बाजूला सही करून परत पाठवलाय. पुस्तक छान आहे, मिळालं तर वाचायचंय. अजून उत्तर नाही.

गुळपोळी
शनिवार, दुपारी १२:३२

ताई, आणि नणंदबाई काय म्हणाल्या?

कातरवेळ
शनिवार, दुपारी १२:४०

तिने दोन बाटल्या मागवल्या होत्या. म्हणाली, "तुम्ही सांगताय म्हटल्यावर चांगलंच असणार, म्हणून घेतलं."